साडेसातव्या दिवसाचा बेदाणा

आमच्या घरात सरळ रेषेचं नाव काढायला बंदी आहे. रांगोळीत चालते, पण ती मी काढायची नाही.

बंदीचं कारण मीच. माझं नाव समता. हे नाव वडिलांनी ठेवलं. तासगावात त्यांचा छोटा छापखाना आहे. पोटासाठी ते लग्नपत्रिका छापतात आणि मनासाठी मोर्च्यांची पत्रकं. मी अक्षरं शिकले ती उरलेल्या पत्रकांवरून. वर्गातल्या मुली 'कमळ' आणि 'गवत' लिहीत होत्या, तेव्हा मी 'धिक्कार' हा शब्द जोडाक्षरासकट बिनचूक लिहीत होते. गणिताचं कच्चं कामही पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूलाच चालायचं. एका बाजूला 'आता माघार नाही!' आणि दुसऱ्या बाजूला माझं वर्गसमीकरण. त्यात माघारीशिवाय काहीच नसायचं.

बीजगणितात मी दोनदा नापास झाले होते. दोन्ही वेळा तत्त्वासाठी! 'क्ष'ला आयुष्यभर अज्ञात ठेवणारी व्यवस्था मला मान्य नव्हती. (उत्तरपत्रिकेत मी तसं लिहिलंही होतं. तपासनिसाने त्याखाली लाल शाईने शून्य काढून आपली भूमिका स्पष्ट केली होती.) तिसऱ्या खेपेला मात्र सांगलीच्या कॉलेजात नवीन मॅडम आल्या आणि पहिल्याच तासाला म्हणाल्या, "पुस्तकातल्या टाकीत पाणी सोडणारा नळ मला नको. घरी जा. घरात जे बदलतं ते रोज मोजा, त्याचा आलेख काढा, त्यावरून फंक्शन बसवा आणि पुढे काय होणार ते सांगा."

मला भरून आलं. म्हणजे गणित शेवटी जनतेत आलं होतं!

आमच्या घरात बदलणारी गोष्ट एकच, द्राक्ष. तासगावच्या बाजूला आमचा मळा आहे आणि मळ्याला लागून बेदाण्याची शेड. लोखंडी रॅक, त्यावर जाळीचे कप्पे आणि बाजूंनी हिरवं नेट. द्राक्षं डिपिंगच्या, म्हणजे साल लवकर सुकवणाऱ्या, पाण्यात बुडवून जाळीवर पसरायची. मग ऊन-वारा त्यातलं पाणी काढून घेतो आणि मागे बेदाणा उरतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो.

पण बेदाणा झाला की नाही हे ठरवणार कोण? बापू. वडिलांचे थोरले भाऊ, लष्करातून निवृत्त झालेले. बापू एक मणी उचलायचे, अंगठा आणि बोटात चोळायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "आजून दोन दिस." या निकालावर अपील नव्हतं. माझी आई, शालन, लग्न होऊन आल्यापासून त्या शेडमध्ये राबते. द्राक्षं बुडवणं, पसरणं, फिरवणं, निवडणं सगळं तिचं. अंगठा मात्र बापूंचा!

त्या वर्षी पहिल्यांदाच एक अख्खं रॅक आईचं होतं. मळ्याचा एक तुकडा सातबाऱ्यावर तिच्या नावे लागला होता. (त्यासाठी मी फ्रीजवर सलग सात पत्रकं चिकटवली होती. शेवटी फ्रीज उघडेना, तेव्हा वडील तलाठ्याकडे गेले.) त्या तुकड्यातल्या द्राक्षांचा बेदाणा आई स्वतःच्या नावाने विकणार होती. सांगलीत बायकांच्या मालाचं प्रदर्शन होतं आणि त्यात तिने स्टॉल घेतला होता. वडिलांनी लेबलं छापून दिली. त्यावर आधी नुसतं 'सौ. पाटील' होतं. आईने कागद परत केला.

"सौ. पाटील आमच्या घरात तीन हायत," ती म्हणाली. "माझं नाव लिवा. शालन. मोठ्या अक्षरात."

तिने आयुष्यात इतक्या ठामपणे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मी त्याच क्षणी ठरवलं, आईच्या बेदाण्याचा निकाल बापूंचा अंगठा देणार नाही. माझं फंक्शन देईल!

मी एक ट्रे घेतला. त्यात आईच्या द्राक्षांपैकी बरोबर चार किलो पसरले आणि तो शेडच्या दाराशी स्टुलावर ठेवला, म्हणजे सकाळी सातला वजन करून साडेसातची सांगलीची एसटी गाठता यावी. आईला बजावलं, "हा ट्रे वैज्ञानिक आहे. ह्याचं सकाळी वजन होणार."

"व्हय," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ट्रे तीन किलो सहाशे भरला. तिसऱ्या दिवशी तीन किलो दोनशे. चौथ्या दिवशी दोन किलो आठशे. रोज चारशे ग्रॅम, पाच-दहा ग्रॅम इकडे-तिकडे! मी आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले, पट्टी लावली आणि माझ्या अंगावर काटा आला. सगळे ठिपके एका रेषेत. इतकं सरळ आमच्या घराण्यात कुणीच वागलेलं नाही. सूत्रही किती साधं होतं. चार हजारातून दिवसाला चारशे वजा करत जायचं. उरलेलं वजन एक हजारावर आलं की बेदाणा तयार. उत्तर आलं साडेसात दिवस.

मी तो कागद घेऊन थेट बापूंसमोर उभी राहिले.

"बापू, आईचा माल साडेसातव्या दिवशी तयार होणार."

"साडेसात? आगं, पंधरा दिसाच्या आत कुटं बेदाना हुतुया?"

"तो तुमच्या अंगठ्याचा अंदाज झाला. हे सूत्र आहे."

बापूंनी चष्मा लावून रेषा नीट निरखली. "बरं. आन् धाव्या दिसाला किती भरंल?"

मी मनात वजाबाकी केली. "शून्य."

"आन् अकराव्या?"

"...उणे चारशे ग्रॅम."

"म्हंजी अकराव्या दिसाला ट्रे वर उडतुया व्हय गं, फुग्यावानी?"

शेडमधल्या सगळ्या बायका हसल्या. आईसुद्धा! मी म्हणाले, "प्रत्येक मॉडेलला मर्यादा असते, बापू."

"मग ती मर्यादा कुटनं सुरू हुती त्ये बी काड की कागदावर."

(हाच प्रश्न पुढे मॅडमनी विचारला तेव्हा मी त्याला अत्यंत सखोल प्रश्न म्हटलं. बापूंनी विचारला तेव्हा सरंजामी मानसिकता म्हटलं.)

सहाव्या दिवशी बापू साताऱ्याला निघाले. तिथे त्यांच्या लेकीच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि चार दिवस राहायचं होतं. एसटीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं, "मी येईस्तवर रॅकला कुनी हात लावायचा न्हाई!"

हा हुकूम होता. आणि हुकूम पाळू नये, हे मी वाचायला शिकले त्या दिवसापासून वाचत आले होते.

सातवा दिवस पूर्ण झाला. सकाळी ट्रे एक किलो दोनशे. संध्याकाळी कॉलेजातून परत आल्या आल्या दप्तर खांद्यावर ठेवूनच पुन्हा वजन केलं. बरोबर एक हजार! काटा हलेना. मला आर्किमिडीजसारखं ओरडत पळावंसं वाटलं. (अंघोळ सकाळीच झाली होती, म्हणून गावाची अब्रू वाचली.)

"आई! माल तयार! खाली घ्यायचा!"

आई रॅकपाशी गेली. तिने एक मणी उचलला, बोटात चोळला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आगं, वली लागत्यात की गं. आत पानी हाय."

"आई, तू ट्रे बघ! एक किलो! सूत्र सांगतंय."

"सूत्राला बोटं हायत का?"

"हेच ते! बापू बोटाने सांगतात म्हणून आपण त्यांना नावं ठेवायची आणि आता तूही बोटानेच सांगणार? आपल्याला ह्या अंगठेबहाद्दरीतून बाहेर पडायचंय, आई!"

आईने हातातला मणी परत जाळीवर ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग आलेखाकडे. "शिकल्याली हायस," ती हळूच म्हणाली. "तुला कळत आसंल."

आजही हे वाक्य आठवलं की मला कुठेतरी लपावंसं वाटतं. जिला अंगठ्याच्या राज्यातून सोडवायला मी निघाले होते, त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अंगठ्याने निकाल दिला होता. बरोबर दिला होता. आणि तो रद्द कुणी केला? समतेने!

दुसऱ्या दिवशी सकाळी चार बायका बोलावून आम्ही रॅक हलवलं. तयार बेदाणा रॅक हलवलं की सरीसारखा खाली पडतो. आमचा पडेना. आम्ही जोरात हलवलं. रॅकचे नट ढिले झाले, पण बेदाणा ढिम्म. शेवटी हाताने सोडवून काढावा लागला. बायकांची बोटं एकमेकांना चिकटली. कमळाकाकूचा चहाचा कप हातातून सुटेना, म्हणून तिला दोघींनी धरून कप ओढला.

"बया बया," काकू म्हणाली, "ह्यो बेदाना हाय का डिंक?"

"ताजा आहे ना," मी म्हणाले. "सुरुवातीला थोडा लळा असतो."

संध्याकाळपर्यंत आईची सगळी खोकी भरून, चिकटपट्टी लावून झाली. लेबलं प्रदर्शनाच्या दिवशी लावायची होती. मी आलेखाखाली लाल शाईने लिहिलं, 'अनुमान सिद्ध!'

दोन दिवसांनी बापू आले. हातातली पिशवी खाली न ठेवताच शेडकडे गेले. रिकामं रॅक बघितलं. एक खोकं उचलून कानाशी धरलं आणि हलवलं. वाळलेला बेदाणा खोक्यात खुळखुळतो. हे खोकं गप्प. दुसरं हलवलं, तेही गप्प. मग त्यांनी चाकूने पट्टी कापली आणि खोकं उलटं केलं. आतून खोक्याच्याच मापाची, चार कोपरे असलेली, एकसंध अशी वस्तू धप्पकन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. आंबूस वास असा सुटला की शेडजवळून जाणारा एक माणूस सायकल थांबवून आशेने आत डोकावला.

"शालन," बापू म्हणाले, "ह्ये बेदानं न्हाईत. ही वीट हाय."

पुढचे दोन दिवस आम्ही ती बांधकाम सामग्री पुन्हा फोडून जाळीवर पसरायचा प्रयत्न केला. मी घरातला पंखा आणून लावला. पंख्याने शेडच्या दारातली सगळी माती उचलून बेदाण्यावर बसवली. माती धुवायला पाणी मारलं, तर बेदाणा पुन्हा द्राक्ष व्हायच्या विचारात पडला! मग मुंग्या आल्या. मुंग्यांच्या मागोमाग गांधीलमाश्या. त्यातली एक मला कपाळावर बरोबर मध्यभागी चावली, त्यामुळे पुढचे तीन दिवस मला सगळेजण 'टिकली मोठी लावलीस' म्हणत होते. शेवटी बापूंनी सगळा माल खड्ड्यात टाकायला सांगितला.

वेल वर्षातून एकदाच माल देते. चुकलं तर उद्या परत करू, असं तिथे नसतं.

आईने कपाटातून लेबलांचा गठ्ठा काढला, पदराने पुसला (त्यावर धूळही नव्हती) आणि होता तिथेच परत ठेवला. त्यापेक्षा तिने मला त्या विटेने मारलं असतं तर बरं झालं असतं.

मला वाटलं, प्रदर्शन आता बारगळलं. पण प्रदर्शनाच्या दिवशी आई सकाळीच नवीन साडी नेसून तयार.

"आई, विकायला काहीच नाही. कशाला जायचं?"

"नाव दिलंय," ती म्हणाली. "नाव दिलंय म्हंजी जायाचं. ल्योक न्हाई तर लेक संगं पायजे. चल. आन् तुजा त्यो कागद बी घे."

"आलेख? तो कशाला?"

"टेबलावर काय तरी मांडाय नगं?"

तर अशा रीतीने आम्ही एसटीने सांगलीला गेलो. आजूबाजूच्या स्टॉलवर पापड, हळद, लोणची, गूळ. आमच्या टेबलावर स्टीलच्या ताटात खड्ड्यातून वाचलेली एक वीट आणि तिच्यामागे टाचणीने लावलेला माझा आलेख. बायका थांबायच्या.

"ही चिंच हाय का वो?"

"न्हाई," आई म्हणायची. "बेदाना. बिघाडल्याला."

"मग आनलाय कशाला?"

"नाव दिलं हुतं म्हनून."

मी टेबलाखाली काहीतरी शोधत असल्याचं दाखवत होते. सकाळी दहा ते दुपारी एक. तीन तास! आणि तेवढ्यात माझ्या डोक्यावर ओळखीचा आवाज आला. "समता? तू इथे?"

मॅडम होत्या. हळद घ्यायला आल्या होत्या. त्यांनी आधी वीट बघितली, मग आलेख बघितला आणि आलेखाशी थबकल्या.

"हे काय वाळवलंस?"

"द्राक्षं, मॅडम. वजन रोज चारशे ग्रॅमने कमी झालं."

"रोज? पहिल्या दिवशीही चारशे आणि सातव्या दिवशीही चारशे?" त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. "अगं, आधी पाणी भरपूर असतं आणि मग कमी कमी होत जातं. मग वजन रोज सारखंच कसं उतरेल? रेष वाकायला हवी. ही अजिबात वाकत नाही. समता, हे वाळणं नाही. हे कुणीतरी खातंय!"

"अशक्य!" मी म्हणाले. "ट्रे दाराशीच होता. आई दिवसभर तिथेच होती."

"व्हय की," आई अगदी सहज म्हणाली. "मीच द्यायची."

"...काय?"

"आगं, शेडवर आल्याल्या मानसाला मूठभर दिल्याबिगर लावून द्यायचं व्हय? दूधवाला येतुया, लाइनमन येतुया, कमळा येती, तिची जाऊ येती. रॅकवरचं विकायचं हुतं, त्याला हात कसा लावू? तुज्या ट्रेचं वजन तर सकाळीच हुयाचं. म्हनलं, आता त्येचं काम झालं. मग दारातल्या दारात त्यातनंच मूठ मूठ द्यायची."

"आणि ओली? अर्धी वाळलेली?"

"गोड लागत्यात की. लाइनमन तर मुद्दाम येत हुता."

म्हणजे सात दिवस मी अत्यंत काटेकोरपणे, सकाळी सातच्या ठोक्याला, वैज्ञानिक निष्ठेने जे मोजत होते, ते लाइनमन होता! ट्रेमधलं द्राक्ष कमी दिसायचं तेव्हा मी वहीत 'मणी आक्रसले आहेत' अशी नोंद केली होती. मणी आक्रसले नव्हते. मणी वीज मंडळाच्या सेवेत रुजू झाले होते.

मॅडम खुर्चीवर बसून हसल्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत हसल्या. मग मला म्हणाल्या, "तुझं सूत्र बरोबर आहे. फक्त शीर्षक बदल. 'द्राक्ष वाळण्याचा वेग' खोड आणि 'शेडवर येणाऱ्या पाहुण्यांचा वेग' लिही."

मग त्यांनी आईला विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं? खरं वाळतं कसं?"

आईने इकडेतिकडे बघितलं. तिला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. जरा घसा साफ करून ती बोलायला लागली.

"पैल्या दिसांत भराभर जातंय बगा पानी. नुसतं बगता बगता मनी सुरकुततुया. मग हळू हुतंय. आन् शेवटचं जे पानी आसतंय आतलं, त्ये लय चिवट. त्ये निगता निगत न्हाई. दोन दिस आन् चार दिस. तितंच मानूस घाई करतंय आन् फसतंय." तिने बोटाने वर दाखवलं. "ढगाळ आसलं की आनिक येगळं. रॅकच्या वरच्या कप्प्यात येगळं, खालच्यात येगळं."

मॅडम हसायच्या थांबल्या होत्या. त्यांनी पर्समधून पेन काढून हळदीच्या पुड्यावरच काहीतरी लिहून घेतलं. "काकू, पुढच्या आठवड्यात माझ्या वर्गात याल? हेच सांगायला?"

"मी? आवं, मी सातवी शिकल्याली."

"ही बारावीला आहे," मॅडम माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

तो मुद्दा आईला पटला.

पुढच्या आठवड्यात आई माझ्या कॉलेजात आली. वर्ग गच्च भरलेला. मी शेवटच्या बाकावर, कपाळावर उरलेल्या डागासह. आईने खडू असा धरला जसा ती मणी धरते. फळ्यावर तिने एक रेघ ओढली. वरून खाली झपकन उतरणारी, मग वाकत वाकत आडवी होत जाणारी, आणि तळाला कधीच न टेकणारी. तिला ती कुणी शिकवली नव्हती. मला तीच रेघ दोन वर्षं दोन प्राध्यापकांनी शिकवली होती आणि मी दोन्ही वेळा तिच्यावर नापास झाले होते.

आईने पदर खोचला आणि पोरांकडे वळली.

"आता सांगा बगू, शेवटचं पानी सगळ्यात हळू का जातंय?"

पोरं वह्यांत बघायला लागली. मला उत्तर येत होतं! आयुष्यात पहिल्यांदा बीजगणिताच्या तासाला मला उत्तर येत होतं, आणि त्यासाठी मी एक अख्खं रॅक मोजलं होतं. मी हात वर केला. अगदी खांद्यापासून, मोर्च्यात करतात तसा.

आईने माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. मग बाकीच्या वर्गाकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "ती सोडून कुनीबी."